सात एकर, एक मचाण, एक धनुष्य : २०२४ च्या नोंदी

९ मार्च, शनिवार

बर्फ उतरला आणि खरं नुकसान दिसलं. उत्तरेच्या बांधाला आडोसा म्हणून लावलेली आर्बरव्हिटीची अकरा झाडं हरणांनी तोंड पोचेल तिथवर सोलली आहेत. खाली नुसत्या काटक्या, वर हिरवा झुबका. अकरा केरसुण्या उलट्या उभ्या करून ठेवल्यात असं वाटतं. गेल्या उन्हाळ्यात वालपापडीचा मांडव एका रात्रीत गेला होता. जुलैत लेकीला लाइम हा गोचीड चावून होणारा आजार झाला, तीही गोचीड आमच्याच परसातली.

चेस्टर काउंटीत, म्हणजे पेनसिल्वेनियाच्या आग्नेय कोपऱ्यात, याचं कुणाला नवल नाही. कुंपण घाला नाहीतर शिकार करा, एवढाच सल्ला मिळतो. सगळ्या जमिनीला आठ फुटी कुंपण घालायला किती लागतील ते विचारून पाहिलं. त्या आकड्यामुळेच ही वही उघडली.

गावाकडे, चिपळूणजवळ, काका रानडुकरांपुढे हात टेकून बसलेत. तिथे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हरणावर बाण सोडायचा विचारही करायचा नाही. इथे मात्र सरकारच परवाना देतं आणि मादी मारा म्हणतं.

२३ मार्च, शनिवार

नकाशा काढला. जमीन ११० यार्ड रुंद, ३०८ यार्ड लांब. लांबट पट्टा आहे, कोकणातल्या आगरासारखा. बंदुकीचा प्रश्न पट्टी ठेवताच निकालात निघाला. इथल्या नियमानं दुसऱ्याच्या राहत्या घरापासून बंदूक १५० यार्ड लांब हवी. उजव्या शेजारणीचं घर बांधापासून ४० यार्डांवर. ४० आणि ११० मिळून १५०, म्हणजे तो घेरा माझ्या डाव्या बांधाला जाऊन टेकतो. धनुष्याला हीच मर्यादा ५० यार्ड आहे, तो घेरा माझ्या हद्दीत फक्त १० यार्ड घुसतो. तेव्हा धनुष्य. आवड-निवड नाही, भूमिती.

दुसरी भूमिती जास्त त्रासाची. बाण दोन्ही फुप्फुसांतून आरपार गेला तरी हरीण जागच्या जागी पडत नाही. पन्नास-शंभर यार्ड धावतं, कधी त्याहून पुढे. पट्ट्याच्या मधोमध उभा राहिलो तरी दोन्हीकडचे बांध ५५ यार्डांवर. म्हणजे नेम अचूक लागला तरी हरीण दुसऱ्याच्या जमिनीत मरणार हे धरूनच चालायचं.

६ एप्रिल, शनिवार

खरेदीच्या आधी परवानग्या. माझ्या मते हीच पहिली खरेदी.

डावीकडचे आजोबा पूर्वी दुधाचा धंदा करायचे, आता मका लावतात. माझं बोलणं पुरतं ऐकायच्या आत हो म्हणाले, वर एका ओळीत लिहूनही दिलं. उजवीकडच्या बाई म्हणाल्या, ये, पण मुलं घरात असताना रक्तबिक नको आणि आधी फोन कर. मागच्या बाजूला ओढ्यापलीकडे झाडांवर जांभळे पट्टे आहेत. इथे २०२० पासून जांभळा रंग म्हणजे ‘आत येऊ नये’ची पाटीच. दोन पत्रं टाकली, उत्तर नाही.

आणि ट्रेल कॅमेऱ्यात, म्हणजे जनावरं टिपायला रानात लावलेल्या कॅमेऱ्यात, दिसलेली सगळ्यात चांगली वाट नेमकी त्या ओढ्याकाठची. रोज संध्याकाळी चार-पाच माद्या. जांभळी झाडं तिथून जेमतेम ६० यार्ड. ती जागा सोडली. सोडताना जीव हळहळला हे इथे लिहून ठेवतो, नाहीतर ऑक्टोबरात पुन्हा मोह होईल.

उरली ती पुढची, घराकडची जागा. एक जुना पांढरा ओक. त्याची फळं सप्टेंबर-ऑक्टोबरात गळतात आणि हरणं त्यांवर तुटून पडतात. मागचा बांध तिथून १९० यार्ड. झाड मधल्या रेषेच्या थोडं डावीकडे, म्हणजे आजोबांच्या बाजूला. हे बरंच झालं.

२० एप्रिल, शनिवार

दुकान. तीन तास.

क्रॉसबो हातात घेतला की पाच मिनिटांत माणूस नेमबाज होतो. दुर्बीण लावलेली, खांद्याला टेकवायचा, चाप ओढायचा. पेनसिल्वेनियात २००९ पासून तिरंदाजीच्या हंगामात तो सगळ्यांना चालतो. ज्याला रोज सराव जमणार नाही त्यानं खुशाल तोच घ्यावा; अर्धवट सरावाच्या हातातल्या धनुष्यापेक्षा हरणावर तो उपकारच. मला दोन गोष्टी खटकल्या. एक, आवाज. दुकानातल्या बंद गल्लीत तो सुटला तेव्हा मागचा माणूस दचकला. दुसरी, शिकार न होता खाली उतरायचं झालं तर बहुतेक क्रॉसबोंचा ताण उतरवायला एक बाण जमिनीत सोडून रिकामा करावा लागतो. रोज ऑफिसला जायच्या आधी तासभर बसणाऱ्याला हा नुसता व्याप.

रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेला साधा धनुष्यप्रकार, फार देखणा. पूर्ण ओढल्यावर पूर्ण वजन बोटांवर. कायद्यानं किमान ३५ पौंडांचा हवा. मी ३५ चा ओढला, तीन आकडे मोजले आणि हात थरथरायला लागला. दुकानातला म्हातारा काहीच बोलला नाही, फक्त तो परत खुंटीला टांगला.

कंपाउंड ही १९६० च्या दशकातली युक्ती. मिझुरीच्या हॉलेस विल्बर ॲलननं धनुष्याच्या टोकांना विकेंद्री चाकं बसवली, १९६९ मध्ये पेटंट मिळालं. ओढताना मधे जोर लागतो आणि शेवटी चाक फिरून वजन गळून पडतं. ८० टक्के सूट असली तर ५२ पौंडांचं धनुष्य धरून ठेवताना हातावर १० पौंडांच्या आसपास राहतात. हरीण झाडाआड थबकलं तर अर्धा मिनिट तसंच थांबता येतं. छोट्या जागेत हे महत्त्वाचं, कारण योग्य कोनाची वाट बघणं हेच तर सगळं काम.

खेच, म्हणजे दोरी किती मागे ओढायची ते अंतर, मोजली. दोन्ही हात पसरून बोटांच्या टोकांमधलं अंतर ६८ इंच, त्याला अडीचनं भागलं की २७ आणि थोडं. मी आजवर २८ समजत होतो. पुरुषमंडळी इथे हटकून इंचभर जास्त सांगतात, असं म्हातारा म्हणाला.

१८ मे, शनिवार

धनुष्य आलं. वापरलेलं घेतलं, निम्म्या किमतीत. एका गृहस्थानं ‘दोन हंगाम, अगदी नवं’ म्हणून दिलं. घरी आणून भिंग लावलं तर दोरीवर चाकापाशी तंतू पिंजारलेले, आणि गुंडाळीचा दोरा सरकून आतले धागे उघडे पडलेले. अशी दोरी ओढताना तुटली तर धनुष्य जातं, डोळाही जाऊ शकतो. ती घरी बदलता येत नाही, धनुष्य दाबून धरायला प्रेस लागतो. नवी दोरी, नव्या केबल, मजुरी. स्वस्ताईतला अर्धा फायदा तिथेच गेला. पुढच्या वेळी पैसे देण्याआधी दोरीवरून नख फिरवणे.

दोन चाकांच्या आसांमधलं अंतर ३१ इंच. लांब धनुष्य हातात जास्त स्थिर बसतं, पण मचाणाच्या कठड्याला आणि फांद्यांना अडतं. मी मधलं घेतलं. बाण टेकायची जागा साधी, ब्रशच्या केसांची गोल अंगठी. बाण तिरका झाला तरी पडत नाही. सोडताना खाली पडणारे महागडे टेकू जास्त अचूक असतील, पण मला २० यार्डांवर मारायचंय आणि हलणारा भाग म्हणजे एक दिवस न हलणारा भाग. नेम धरायच्या पट्टीवर वेगवेगळ्या अंतरांसाठी पाच पिना होत्या. चार काढून टाकल्या.

६५ पौंडांवर लावून बघितलं. ओढताना धनुष्य आभाळाकडे जात होतं. हरणाला तेवढी हालचाल पुरते. ५२ वर आणलं. खुर्चीत बसून, हात सरळ पुढे ठेवून, कुठेही न हिसडता ओढता आलं, तोच माझा आकडा. चिरंजीव म्हणाले, “बाबा, कमी केलंत?” हो बाबा, कमी केलं.

१६ जून, रविवार

बाणांचा दिवस. इथेच सगळ्यात जास्त वेळ गेला आणि तो जायलाच हवा होता.

बाण काठीसारखा ताठ नसतो, सुटताना माशासारखा वळवळतो. किती वळावा ते ठरवायचं माप असं: २८ इंचांवर दोन आधार, मधे १.९४ पौंडांचं वजन, काठी किती वाकली. ०.४०० इंच वाकली तर तो ४०० नंबरचा बाण. म्हणजे आकडा जितका मोठा तितका बाण लवचीक. आमचा पहिला घोळ इथेच, मी ५०० म्हणजे दणकट समजून सहा काठ्या घेऊन आलो. परत केल्या.

आता वजन. दोन जुड्या बनवून दुकानातल्या वेगमापकापुढे सोडल्या. ३६० ग्रेनचा बाण सेकंदाला २५३ फूट, ४५० ग्रेनचा २२५. ऊर्जा दोघांची जवळपास सारखी, ५१ फूट-पौंडांच्या आगेमागे. पण वस्तुमान गुणिले वेग केलं तर जड बाण ११ टक्क्यांनी पुढे, आणि आरपार जायला तोच हिशेब कामाला येतो. शिवाय जड बाणानं धनुष्याचा आवाज बसतो. ४५० ग्रेन म्हणजे २९ ग्रॅम, जुन्या मापानं अडीच तोळे. एवढ्याशा वजनावर सगळा खेळ.

मग हलक्या बाणाचा वेग कशाला सोडायचा? हरीण आवाज ऐकून दचकतं म्हणून? तेही मांडून पाहिलं. आवाज सेकंदाला सुमारे ११२५ फूट जातो, म्हणजे बाणाच्या कितीतरी आधी पोचतो. उडी मारण्यासाठी हरीण आधी पाय दुमडून खाली बसतं आणि गुरुत्वाकर्षणापेक्षा वेगानं खाली जाता येत नाही. आवाज कळायला त्याला दशांश सेकंद लागतो असं धरलं. ४५० ग्रेनच्या बाणाला २० यार्डांवर ते फार तर ६ सेंटिमीटर खाली जाईल. २५ यार्डांवर १४. ३० यार्डांवर २४. छातीतला मर्माचा भाग साधारण २० सेंटिमीटर व्यासाचा, मधोमध नेम धरला तर खाली-वर १० ची मुभा.

म्हणजे माझी मर्यादा २२ यार्ड. कागदावर ४० यार्डांचं वर्तुळ किती मोठं दिसतं! पण हलक्या बाणानं २० यार्डांवर वाचतात सेकंदाचे तीन शतांश. त्यापायी ११ टक्के जोर आणि शांतता घालवायची नाही. जड बाण पक्का.

२९ जून, शनिवार

शिकाऱ्यांची परीक्षा झाली, परवाने काढले. साधा परवाना २०.९७ डॉलर, तिरंदाजीचा १६.९७, बिनशिंगी हरणाचा ६.९७. जमीन माझी असली तरी हरणं राज्याची.

१४ जुलै, रविवार

बाणाचं पातं. कायदा म्हणतो, कापण्याची रुंदी किमान ७/८ इंच. बाजारात दोन पंथ आहेत. एक मिटलेलं जातं आणि लागल्यावर उघडतं, दोन इंचांचं भोक पाडतं. दुसरं कायम उघडं. उघडणाऱ्याची जाहिरात जोरात, पण उघडायला लागणारी ताकद त्याच बाणाच्या पोटातून जाते. ७० पौंडवाल्यानं ती चैन करावी. माझ्या ५१ फूट-पौंडांत काटकसर हवी. तीन पात्यांचं कायम उघडं, सव्वाशे ग्रेन, रुंदी १ १/८ इंच.

यामागे बांधाचाच विचार आहे. मचाणावरून बाण वरून खाली जातो. आत शिरला आणि बाहेर आला नाही तर भोक वरच्या अंगाला राहतं, रक्त पोकळीत साठतं, जमिनीवर माग पडत नाही. शंभर एकरवाला माग शोधत हिंडू शकतो. मला खालच्या अंगाला दुसरं भोक हवं, थेंब पहिल्या दहा पावलांतच दिसायला हवेत.

सरावाच्या टोकांनी २० यार्डांवर तीन बाण चहाच्या बशीत बसतात. पाती लावली आणि तिन्ही चार इंच डावीकडे. पाती म्हणजे पुढे लावलेले पंखच; धनुष्यात जरा दोष असला की ती वारा पकडतात आणि चहाडी करतात. टेकू उजवीकडे सरकवला, नखाच्या जाडीइतका. पुन्हा तीन. पुन्हा सरकवला. दोन्ही प्रकारचे बाण एकाच बशीत यायला पाच संध्याकाळी गेल्या. शेवटी एक बाण दुसऱ्याच्या शेपटात घुसला. आनंद झाला, मग किंमत आठवली.

११ ऑगस्ट, रविवार

मचाण. शिडीवालं, ओकाला बांधलं. आजोबा शिडी धरायला आले. दुकानदार २५ फूट म्हणत होता. मी बैठक १५ वर ठेवली. हरीण ८ यार्डांवर आलं तर १५ फुटांवरून बाण ३५ अंशांत उतरतो, २५ वरून ४८ अंशांत. इतका उभा बाण एकाच फुप्फुसातून जायची भीती, आणि एका फुप्फुसावर हरीण जांभळ्या झाडांपर्यंत सहज पोचेल.

अंगभर पट्टा आणि बुंध्याला जमिनीपासून वरपर्यंत सुरक्षा-दोरी. पाय जमिनीवरून सुटायच्या आधी आकडा अडकवायचा. यात काटकसर नाही.

ओकाभोवती २२ यार्डांवर सहा फांद्यांना नारिंगी फिती बांधल्या. अंतरमापक यंत्राचे पैसे वाचले. कपड्यांवर तर काहीच खर्च केला नाही, जुनं करडं जॅकेट आहे.

आवाज तपासायला लेकीचा फोन निशाणाच्या बाजूला, लाकडी फळीआड ठेवून रेकॉर्ड केलं. दोरीवर रबराचे दोन गोंडे लावल्यावर ‘टण्ण’चं ‘थप्’ झालं. पण त्या रेकॉर्डिंगमध्ये एक वेगळाच कुर्र आवाज निघाला. मचाणाची फळी! मी रेलतो तेव्हा वाजते. तेल घातलं.

७ सप्टेंबर, शनिवार

गणपती बसले. आईचा फोन. लेकीनं आजीला सगळं आधीच सांगून टाकलेलं.

“हरणावर बाण? सीतेनं मागितलंय का कुणी?”

मी हसलो. ती हसली नाही. “दशरथाचं काय झालं आठवतंय ना? पाण्यात घडा बुडाला, त्याला वाटलं जनावर.”

मी म्हटलं, आई, इथल्या परीक्षेत तेच शिकवतात. आवाजावर बाण सोडायचा नाही, समोर काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे दोन्ही दिसल्याशिवाय नाही. ती जरा वेळ गप्प. मग, “मांस टाकू नकोस. मारलंस तर खा.” आणि फोन नातीकडे.

२१ सप्टेंबर, शनिवार

आमच्या विभागात हंगाम आज उघडला. पहाटे बसलो. २०२४ च्या या हंगामात रविवारी इथे मोजके दिवस सोडून शिकार बंद होती, त्यामुळे नोकरदाराला निवांत बसायला शनिवारच. सव्वासातला दोन माद्या फितींच्या बाहेर, ३० यार्ड असतील. दहा मिनिटं चरल्या. धनुष्य मांडीवरच राहिलं. डास मात्र आत आले.

१२ ऑक्टोबर, दसरा

शस्त्रपूजेत पाटावर लॅपटॉप, स्क्रूड्रायव्हरचा संच, हिचा स्टेथोस्कोप आणि यंदा धनुष्य. पात्यांना टोपणं घालून. झेंडूचा हार चाकात अडकेल म्हणून फक्त एक फूल ठेवलं.

सकाळी बसलो होतो. एक मादी १२ यार्डांवर, पण तोंड माझ्याकडे. समोरून छातीचं हाड, बाण वळतो. थांबलो. ती तशीच मागे गेली.

२६ ऑक्टोबर, शनिवार

८.१०. मादी एकटीच, ओकाची फळं फोडत. दातांखालचा कडकड आवाज वरपर्यंत येत होता. १७ यार्ड. डोकं बुंध्याआड गेलं तेव्हा ओढलं. ती वळली, आडवी झाली, पुढचा पाय एक पाऊल पुढे. पिन पायाच्या मागच्या घडीवर. थप्.

बाण पलीकडे जमिनीत रुतलेला दिसला. ती डावीकडे सुटली, शेपूट खाली. मग काही नाही.

अर्धा तास वरच बसलो. हात इतके कापत होते की सुरक्षा-दोरीचा आकडा सोडवायला भीती वाटली. खाली उतरून बाण पाहिला. पिसांवर गुलाबी फेस, म्हणजे फुप्फुसं. हिरवट आणि दुर्गंधी असती तर आठ-दहा तास पुढे जायचं नव्हतं. पहिला थेंब नवव्या पावलावर. पुढे पानांवर बोटभर रुंद पट्टा, लेकीलाही धरता आला असता.

७१ पावलं. शेवटची १२ बांधापलीकडे, आजोबांच्या मक्याच्या धसांत. फोन केला. ते ट्रॅक्टर घेऊनच आले, कप हातात. कानाला टॅग बांधला तोवर ते भोकाकडे बघत होते. “खालून बाहेर,” एवढंच म्हणाले.

२७ ऑक्टोबर, रविवार

पोट साफ केल्यावर ९६ पौंड भरली. खाटकाकडे दिली, निम्मं आमचं, निम्मं ‘हंटर्स शेअरिंग द हार्वेस्ट’ला, जे राज्यातल्या अन्नछत्रांना मांस पोचवतात. पाठीचा एक पट्टा आजोबांचा. उजव्या बाईंना फोन करून सांगितलं की तुमच्याकडे काही आलं नाही. आईला फोटो पाठवला नाही, कालवण झालं की त्याचा पाठवीन.

काल रात्री ट्रेल कॅमेऱ्यात ओढ्याकाठी चार माद्या.

कामं: तिसऱ्या बाणाची पाती बदलणे, एकीला दगड लागून खाच पडली आहे. मचाणाची फळी पुन्हा वाजते. आर्बरव्हिटीला थंडीआधी जाळी.